झांजेवर कोण

व्यंकटीमामांचा फोन आला तेव्हा तो मी स्पीकरवर टाकला, ही पहिली चूक. दुसरी चूक मामांची. समोर कोण बसलंय याची चौकशी न करता ते सुरू झाले.

"विशाखा, दाजीला सांगू नको माय, पण त्यांचा हात गेला गं. ढोलकी मागं पडून राहिली. सुरवातीला बराबर हाय, पुढं पुढं जड होत जातीय. शेवटाला तर मी एकीकडं अन् ढोलकी एकीकडं."

दाजी म्हणजे माझे वडील, आबा. ते माझ्या शेजारीच खुर्चीवर बसून चहात खारी बुडवत होते. मी फोनवर झडप घालेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. आबांनी ओली खारी बशीत ठेवली. उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर घेतला आणि त्याच्याकडं बघत बसले. चहा तसाच राहिला.

माझा नांदेडात स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, भिंतींना फोम, एक कॉम्प्युटर आणि दारावर माझ्या नावाची पाटी. जयंतीची गाणी, लग्नाची गाणी, बियाण्याच्या गाडीवरून गावोगाव वाजणाऱ्या जाहिराती, असं सगळं इथं तयार होतं. मी तापट आहे असं गिऱ्हाईकं मला तोंडावर सांगतात आणि दार उघडंच आहे असं मी त्यांना तोंडावर सांगते. तरी येतात, कारण माझं काम चोख असतं. त्यामुळं माझ्या स्टुडिओत वाजवलेली ढोलकी मागं पडते, हे ऐकून माझं डोकं फिरलं. पण खरा राग त्याचा नव्हता. आबांनी त्या हाताकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेचा होता.

हदगाव तालुक्यात केरबा ढोलकीवाले म्हटलं की माझे आबा, आणि गायक म्हटलं की माझ्या आईचा धाकटा भाऊ, लातूरचे व्यंकटीमामा. दोघांची गायन पार्टी होती. एप्रिल आला की जयंतीचे कार्यक्रम सुरू व्हायचे ते पावसाळा तोंडावर येईपर्यंत घरात दोघांचे पाय ठरत नसत. मी त्याच गाडीत, वायरींच्या गुंडाळ्यांवर झोपून लहानाची मोठी झाले. आणि जन्मापासून एकच भांडण ऐकत आले. आबा म्हणायचे, "व्यंकटी गातो, पण चालवतो मी. त्याला धरून ठिवणारा माझा हात हाय." मामा म्हणायचे, "ढोलकी दाजींची आसंल, लय माझी हाय. ते माझ्या मागं येतेत." दोघंही भाकरी हातात धरून भांडायचे आणि माय म्हणायची, "कालवण निवून राहिलं. जेवा आता."

माय म्हणजे सरजाबाई. ती पार्टीत मागं बसायची, दोघांच्या मधोमध, जरा डावीकडं. हातात झांज. मामांची ओळ संपायच्या आत शेवटचा शब्द उचलून झील धरायचं काम तिचं. पार्टीत पोट भरून जेवण मिळतं की नाही, चादरी परत आल्या की नाही, हेही तिचंच काम. गेल्या वर्षी ती गेली. त्यानंतर महिनाभरात आबांना अर्धांगाचा हलका झटका आला. चालणं-बोलणं पूर्वीसारखं झालं, डावा हातही बराचसा परत आला, पण ढोलकीच्या डाव्या तोंडावर दाब द्यावा एवढा काही आला नाही. मी त्यांना हदगावहून नांदेडला आणलं.

मायचा पहिला स्मृतिदिन जवळ आला. आमच्यात अशा दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवतात आणि गायन पार्टी असली तर गेलेल्या माणसावर गाणं होतंच. मामांनी अक्कावर, म्हणजे आपल्या बहिणीवर, अख्खी कथा रचली. चाळीसेक मिनिटांची, एका दमात गायची. आमच्या पार्टीचा एक नियम होता. कथा सुरू झाली की ती संपेपर्यंत ढोलकी थांबायची नाही. आबांनी हात जोडले. "सरजाच्या कार्यक्रमात माझा हात चुकला तर मी तिथंच मरंन," म्हणाले, "मला नका बसवू."

मग मी माझं डोकं चालवलं. आबांना पॅड आणून दिला. रबरी चौकोन, त्यावर बोटानं नुसतं टिचकावलं तरी पुरतं. हा पॅड कॉम्प्युटरला जोडला की आवाज साठवला जात नाही. कोणत्या चौकोनावर, कधी आणि किती जोरानं मारलं, एवढंच साठतं. त्याला आम्ही मिडी म्हणतो. नंतर त्याच नोंदीवर हव्या त्या ढोलकीचा आवाज बसवता येतो. आबांनी पॅड उलटा-सुलटा करून बघितला.

"मंजे आवाज मशीनचा, अन् हात माझा?"

"हो."

"मग चालंल."

मामांनी लातूरला पेटी घेऊन अख्खी कथा गायली. त्यांचा मुलगा प्रेम, ज्याचं मंडप आणि साउंडचं दुकान आहे, त्यानं ती एका छोट्या रेकॉर्डरवर घेतली आणि मला पाठवली. आबांनी हेडफोन लावून, डोळे मिटून, एका बैठकीत पॅडवर साथ केली. मी शेजारीच होते. कुठं हात अडखळला नाही. प्रेमकडं ढोलकीचे अस्सल आवाज होते, म्हणून मी आबांची नुसती मिडी त्याला पाठवली. त्यानं ती लॅपटॉपवर लावली, मामांचा आवाज मूळ रेकॉर्डरवर ठेवला, दोन्ही एकदम सुरू केलं आणि बापाला ऐकवलं. त्यानंतर तो फोन आला.

माझ्या कॉम्प्युटरवर दोन्ही नीट जुळत होतं. मी आबांना ते लावून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

"तू सरळ केलं आसशील."

"मी हातसुद्धा लावला नाही, आबा."

"मशीनमंदी तू काय बी करू शकतीस. नवरदेव बेसूर गायला तर त्याला सुरात आणतीस, म्या बघितलंय. तू माझी लेक हायस, तू मला खरं कामून सांगशील? व्यंकटी कशाला खोटं बोलंल?"

लोकांचे सूर नीट करून देऊन मी पोट भरते, आणि त्याच कलेमुळं माझ्या बापाचा माझ्यावर विश्वास नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी पॅडला शिवणं सोडलं. पूर्वी चहाच्या कपावर, दाराच्या चौकटीवर, माझ्या पाठीवरसुद्धा त्यांची बोटं चालायची. तेही बंद झालं. घर इतकं गप्प झालं की मी कूकरची शिट्टी व्हायची वाट बघायला लागले.

मी प्रेमला फोन करून दोन्ही मशीनं एकत्र चालवून त्याची नक्कल मागवली. ऐकली. मामा खोटं बोलत नव्हते. सुरुवातीला ढोलकी आणि पेटी एकच होती. मग ठोक्याला जरा जाडी आली. मग एकाच्या जागी दोन ठोके ऐकू यायला लागले आणि शेवटी ढोलकी खरंच मागून धावत होती. पण मी चिडले असले तरी माझे कान शाबूत होते. दमलेला हात असा मागं पडत नाही. तो एखाद्या ओळीत ढिला होतो, पुढच्या ओळीत लाजून घाई करतो, पुन्हा सावरतो. इथं मात्र अंतर सारखं वाढत होतं, चढ नाही, उतार नाही. एवढं सरळ चुकणं माणसाला जमत नाही. ते काम घड्याळाचं होतं.

प्रत्येक मशीनमध्ये आपलं आपलं घड्याळ असतं. एका सेकंदाचे हजारो तुकडे मोजत ते आवाज पुढं सरकवतं. लॅपटॉपचं घड्याळ त्याच्या परीनं बरोबर असतं, रेकॉर्डरचं त्याच्या परीनं. पण दोघांचा सेकंद अगदी एकसारखा नसतो. तीन-चार मिनिटांच्या गाण्यात हा फरक कुणाच्या बापाला कळत नाही. चाळीस मिनिटांच्या कथेत तो साठत जातो आणि कानाला टोचायला लागतो.

मी प्रेमला सांगितलं की दोन्ही मशीनं वायरनं जोड आणि एकाला दुसऱ्याच्या घड्याळावर चालायला लाव. तासाभरानं त्याचा फोन.

"ताई, आता तर दोनी बी सुरूच होऊन नाही राहिले."

"काय केलंस?"

"दोघाला बी एकमेकाच्या मागं चालायला लावलं. मनलं, भांडण नको."

"अरे शहाण्या, दोघंही दुसऱ्याची वाट बघत बसली असतील! कुणीतरी आधी चालायला पाहिजे ना!"

त्याला मी चांगलं फैलावर घेतलं. पण दुरून हे प्रकरण मिटणार नाही हे कळून चुकलं होतं. आबांना पटवायचं तर मामांच्या घरात, मामांसमोर, प्रेमच्याच मशीनवर पटवायला हवं होतं, जिथं माझा हात लागलाय अशी शंका घ्यायला जागा नव्हती.

आबा यायला तयार नव्हते. "माझी फजिती बघाया लातूरला कशाला?" मी म्हटलं, फजिती कुणाची होते ते बघू, चला. लोहा, अहमदपूर करत एसटी निघाली. आबांनी खांद्याला ढोलकीची पिशवी लावली होती. पॅडला न शिवणारा माणूस ढोलकी कशाला घेतोय हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती परत घरात ठेवली असती. चाकूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मायचं माहेर तिथून जवळ.

"मी पयल्यांदा तुझ्या मायला बघाया आलो तवा इथं उतरलो होतो," म्हणाले. "ढोलकी संग होती. तुझे आजोबा मनले, नवरदेव हाय का वाजंत्री?"

झटका आल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी गमतीचं सांगितलं होतं. मी हसले आणि मग मला रडू यायला लागलं, म्हणून कंडक्टरशी सुट्या पैशांवरून भांडण उकरून काढलं.

मामांच्या घराच्या पुढच्या खोलीतच प्रेमचं दुकान. स्पीकरच्या थप्प्या, दोऱ्यांची वेटोळी, मध्ये सतरंजी. जयभीम झाला, पाणी झालं. मामा आबांच्या नजरेला नजर देत नव्हते, कारण त्या दिवशी फोन स्पीकरवर होता हे त्यांना आता कळलं होतं. मी वेळ घालवला नाही.

"मामा, ढोलकी बाजूला ठेवू. फक्त तुमचा आवाज लावू. रेकॉर्डरवर तुमचा आवाज आणि लॅपटॉपवर त्याचीच नक्कल. दोन्हीकडं तुम्हीच."

प्रेमनं दोन्ही सुरू केलं. एकच आवाज. मामा खुशीत मान हलवत होते, स्वतःचं गाणं ऐकताना ते नेहमीच खुशीत असतात. कथेत माय डोक्यावर टोपलं घेऊन शेतावर निघाली, तिच्या मागं धाकटा भाऊ निघाला. निम्म्या कथेत आवाज जरा घुमायला लागला. शेवटाला तर एक व्यंकटी ओळ म्हणत होता आणि दुसरा व्यंकटी त्याच्या मागून वेडावून दाखवत होता.

"हे काय?" मामा म्हणाले.

"तुमचा आवाज तुमच्याच मागं पडला," मी म्हटलं. "आता काय म्हणायचं? तुमचा गळा गेला?"

आबांनी आधी मामांकडं बघितलं, मग मशीनकडं. मग ते असे हसले की त्यांना ठसका लागला. "व्यंकट्या, तुझा गळा गेला रं!" मामांनाही हसू फुटलं. ते उठले, आबांसमोर येऊन बसले आणि त्यांचा डावा हात दोन्ही हातांत धरला. "दाजी, माफ करा. म्या मशीनचं खरं मानलं अन् तुमचं खोटं."

खरं तर इथं गोष्ट संपायला हवी होती. प्रेम चहा आणायला उठला, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. एवढ्यात आबांनी पिशवी ओढली.

"मशीन बंद करा," म्हणाले. "पेटी काढ व्यंकटी. होऊ दे एक डाव."

ढोलकी मांडीवर आली. डावा हात जड होता, पण उजव्या हाताची बोटं चामड्याच्या पानावर पडली आणि दुकानातली हवा बदलली. मामांनी पेटीवर सूर धरला. मायच्या जाण्यानंतर दोघं पहिल्यांदा समोरासमोर बसले होते. मी स्पीकरला टेकून बसले, डोळे भरून बघायला.

पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात लय मंदावायला लागली. कुणी चुकत नव्हतं, पण गाणं जड होत चाललं होतं. मामा ओळीच्या शेवटी किंचित थांबत, आबा ते बघून हात आवरत, आबांचा हात आवरला की मामा आणखी थांबत. तिसऱ्या कडव्यात गाणं रांगायला लागलं. मामांनी घाई करून ओढायला बघितलं, आबा मागंच राहिले. ध्रुपदाला, फिरून येणाऱ्या त्या ओळीला, दोघं दोन ठिकाणी उतरले आणि थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

आबांनी ढोलकी मांडीवरून उतरवून खाली टेकवली. कथा संपायच्या आधी ती खाली टेकलेली मी आयुष्यात बघितली नव्हती.

"आता कुणाचं घड्याळ बिघडलं, विशे?" त्यांनी मला विचारलं. आवाज अगदी साधा होता. "मशीनवर त्याचा आवाज थांबत नव्हता, मी मुकाट मागं चाललो. माणसासमोर जमंना. हात गेला मंजे गेला. व्यंकटी खरंच बोलला होता."

"न्हाई दाजी, मीच ढिला पडलो."

"तू कामून ढिला पडशील?"

दोघं एकमेकांचा दोष आपल्या अंगावर घ्यायला भांडत होते. जन्मभर उलटं भांडण ऐकलेलं, त्यापेक्षा हे ऐकणं फार वाईट होतं. मला दोघांचाही राग आला. "पुन्हा वाजवा," मी ओरडले. "बोलू नका, वाजवा!"

माझ्या ओरडण्यानं म्हणा, वाजवायला लागले. यावेळी मी ऐकत नव्हते, बघत होते. आणि ओळ संपताना मला ते दिसलं. मामांची नजर पेटीवरून उठली आणि मागं, जरा डावीकडं गेली. तिथं स्पीकरचा एक रिकामा खोका होता. त्याच क्षणी आबांचीही नजर उठली. समोरासमोर बसलेले असूनही दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. दोघं त्या खोक्याकडं बघत होते. ओळीमागून ओळ, दर ध्रुपदाला. तिथून काही येईना, मग बिचारे एकमेकांसाठी थांबायचे.

दोन मशीनं एकमेकांच्या मागं लावली की दोन्ही थांबतात, हे मीच प्रेमला ओरडून सांगितलं होतं. स्टुडिओत दोन घड्याळांचं जमलंच नाही तर आम्ही तिसरं आणून मध्ये ठेवतो आणि दोघांना त्याच्यावर लावतो. हे मला येत होतं, मी त्याचे पैसे घेत होते. आणि वायरींच्या गुंडाळ्यांवर झोपून एवढी वर्षं मी काय ऐकत होते? दोघंही खोटं बोलत नव्हते, पण खरंही कुणाचं नव्हतं. मामा आबांच्या मागं नव्हते, आबा मामांच्या मागं नव्हते. दोघं सरजाबाईच्या मागं होते, आणि ते दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. तिला माहीत होतं का, ते आता कुणाला विचारणार?

मी ढोलकीची पिशवी ओढली. तळाशी, ढोलकीच्या सुट्या कड्या नि दोरीच्या खाली, जुन्या लुगड्याच्या चिंधीत झांज होती. ती तिथंच असायची, म्हणून आबांनी तिथंच ठेवली होती. मी चिंधी सोडली तेव्हा दोघांचंही वाजवणं थांबलं. खोका बाजूला सरकवून मी तिथं बसले.

"चला," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, काम सोपं आहे. लय माझ्या हातात पक्की आहे, मी दिवसभर मशीनच्या टिकटिकीवर काम करते. मी सरळ, ठाम ठोके द्यायला लागले. दोन कडवी कशीबशी गेली. तिसऱ्यात मामांना श्वास पुरला नाही, मी पुढं निघून गेले. आबांचा डावा हात एका बोलाला उशिरा पडला, मी तेव्हाही पुढंच. आबांनी ढोलकीवर थाप मारून थांबवलं.

"हातोडा मारून राहिलीस का?"

"लय बरोबर आहे माझी, आबा. मशीनवर लावून बघा."

"मशीनला दम लागत न्हाई. व्यंकटीला लागतो. तुझी माय ऐकायची आधी, मग वाजवायची."

मी डोळे मिटले आणि माझी टिकटिक डोक्यातून काढायचा प्रयत्न केला. सोपं नव्हतं ते. मी मामांचा श्वास ऐकला. ओळीच्या शेवटी तो तोकडा पडतो, तिथं केसभर थांबावं लागतं. आबांचा डावा हात ऐकला. तो खरंच दमत होता, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. दमला की बोल जरा मागं पडतो, तिथं झांजेचा आवाज थोडा लांबवला की ती फट बुजते. पण एकाला सांभाळताना दुसऱ्याला सोडायचं नाही, आणि दोघांनाही कळू द्यायचं नाही. मधूनच वाटलं, मायनं असे किती श्वास आणि किती हात झाकले असतील. मामांना सर्दी असेल तेव्हा, आबांना ताप असेल तेव्हा, दोघं भांडून एका गाडीत तोंडं फिरवून बसले असतील तेव्हा.

प्रेमनं आणलेला चहा निवून गेला. मामा त्या ओळीवर आले,

*डोईवर टोपलं, टोपल्यात भाकर,*
*भाकरीखाली दप्तर माझं…*

आणि ओळ संपायच्या आत माझ्या तोंडून झील गेली. मी ठरवलं नव्हतं. "दप्तर माझं" हे शब्द मायच्या जागी मी उचलले आणि मामांनी डोळे न उघडता मान डोलावली.

"हां अक्का," ते म्हणाले आणि पुढची ओळ घेतली.

आबांनी ऐकलं. ढोलकी थांबली नाही. कुणी काही दुरुस्त केलं नाही. कथा शेवटपर्यंत गेली आणि मगच आबांनी ढोलकी खाली टेकवली. डावा हात थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही, माझ्यासमोर धरला. "चोळ जरा," म्हणाले. "कार्यक्रमाच्या दिवशी लागंल."

रेकॉर्डिंगचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

हदगावला विहारासमोरच्या अंगणात मंडप प्रेमनंच टाकला. मायचा फोटो, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील झालं, गावातली दोन माणसं चार शब्द बोलली. मग आम्ही बसलो. कथा सुरू करायच्या आधी गायकानं पार्टीची ओळख करून द्यायची असते. ही ओळख मला पाठ आहे, कारण ती कधी बदलली नाही. मामांनी माइक जवळ घेतला.

"पेटीवर अन् गायनाला मी व्यंकटी, लातूरकर. ढोलकीवर आमचे दाजी, केरबा ढोलकीवाले. साउंड, चिरंजीव प्रेम."

ओळख दरवेळी इथंच संपायची. झांज कुणी सांगायचं नाही. ती घरचीच होती, तिचं काय सांगायचं. मामाही सवयीनं थांबले आणि त्यांचे हात पेटीकडं गेले.

"व्यंकटी," आबा म्हणाले. सूर जुळवायला ढोलकीची कडी ओढता ओढता, मान वर न करता, पण माइकमध्ये गेलं. "झांजेवर कोण हाय ते सांग की."

मामांनी मागं माझ्याकडं बघितलं. माझं नाव त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना कळलं. त्यांनी माइक तोंडापासून लांब धरला, जवळ घेतला, पुन्हा लांब धरला. शेवटी तो त्यांनी आबांपुढं केला.

आबा आयुष्यात कधी माइकवर बोलले नव्हते.

"झांजेवर," ते म्हणाले, "सरजाबाई."

मी माझ्या तापट स्वभावाचा फार अभिमान बाळगून असते, पण त्या वेळी मी पदरानं तोंड पुसत होते आणि मला कुणाचाही राग येत नव्हता. मामांनी पेटीवर सूर धरला. आबांनी डावा हात ढोलकीच्या डाव्या तोंडावर ठेवला. मग दोघंही उघड उघड मागं वळले आणि माझ्या पहिल्या ठोक्याची वाट बघू लागले.